डिप्लोमावाल्या नंदाताई

आमच्या पार्सिपनीच्या घरासमोर मी हौसेनं मोगऱ्याची कुंडी ठेवली होती. न्यू जर्सीच्या थंडीत मोगरा टिकत नाही, सगळ्यांनी सांगितलं होतं. पण तो थंडीपर्यंत पोचलाच नाही. शेजारच्या नंदाताईंनी रिव्हर्स घेताना त्याच्यावर गाडी घातली. मी धावत बाहेर आले, तर त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "मेधा, कुंडीचं आल्यावर बोलूया की. आत्ता माझा कॅल्क्युलसचा पेपर आहे." आणि गेल्या. आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईचा कॅल्क्युलसचा पेपर असला तर तिच्याशी कुंडीवरून भांडायला तोंड कुठून आणायचं? मी झाडू आणला आणि माती गोळा केली.

नंदाताई मूळच्या इचलकरंजीच्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी करतो' म्हणतात. मी पुण्यात वाढलेली, त्यामुळे पहिल्यांदा मला हसू आवरायचं नाही. पुढे वर्षभरात माझ्याच तोंडात 'येतो गं' बसलं आणि नवरा माझ्याकडे बघत राहायला लागला. नंदाताईंचा उंच बांधा, खणखणीत आवाज, आणि अंबाड्यात कायम खोचलेली पेन्सिल. मंडळाच्या गणपतीला पैठणी नेसून आल्या तरी पेन्सिल होतीच. त्यांचे मिस्टर प्रकाशराव जर्सी सिटीत एका बँकेच्या आयटीत होते, रोज ट्रेननं जाऊन-येऊन करायचे. माणूस भला, पण अबोल. दोघांनी मिळून जेवढं बोलायचं तेवढं नंदाताई एकट्याच बोलून टाकायच्या.

त्यांची जखम जुनी होती. दहावीनंतर त्यांनी पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. आपल्याकडे डिप्लोमाला बरे मार्क पडले की इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. 'डायरेक्ट सेकंड इयर' म्हणतात त्याला. नंदाताईंना मार्क बरे नाहीत, चांगले दणदणीत होते. पण वडील म्हणाले, डिप्लोमा झाला ना, मग पुरे, पोरीच्या जातीला आणखी किती शिकवायचं. मग लग्न, मग अमेरिका, मग व्हिसावर नोकरी करता येत नाही म्हणून घर, मग लेक सई. ग्रीन कार्ड हातात पडलं तोवर सई कॉलेजला जायला निघाली होती.

ठिणगी पडली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. नव्या बायका आल्या होत्या म्हणून ओळखीचा कार्यक्रम चालला होता. नंदाताईंनी सांगितलं, "मी सिव्हिलची. डिप्लोमा." त्यावर टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून यजमानीणबाईंकडे, म्हणजे आपल्या नणंदेकडे, आलेली एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "अय्या, डिप्लोमा म्हणजे इंटिरिअरचा का हो?" नंदाताईंनी तिळगूळ तोंडात टाकला. त्या गप्प बसल्या म्हणजे काहीतरी होणार, एवढं मला तेव्हा कळत होतं. पुढच्या आठवड्यात त्या काउंटी कॉलेजात जाऊन नाव घालून आल्या.

इथं जागोजागी अशी काउंटी कॉलेजं असतात. तिथं दोन वर्षं गणित, फिजिक्स, केमिस्ट्री करायचं, आणि ग्रेड चांगल्या असल्या तर युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंगला थेट तिसऱ्या वर्षात ट्रान्सफर घ्यायची. नंदाताईंनी मला हे समजावून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "म्हणजे आपलं डायरेक्ट सेकंड इयरच की. उलट एक वर्ष जास्तीचं सोडतायत." झालं. तेव्हापासून त्यांच्या घरात दुसरा विषय नाही. युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनिअरिंगला ट्रान्सफर मिळवायची. मी एकदा विचारलं, "ताई, मिळाली नाही तर?" त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "मग मी मरेपर्यंत डिप्लोमावालीच. इंटिरिअरवाली."

कॉलेजात त्यांनी आपला सगळा पॉलिटेक्निक बरोबर नेला. पहिल्या परीक्षेला उत्तरपत्रिका हातात पडताच त्यांनी फूटपट्टी काढली आणि प्रत्येक पानाला समास आखला. उजव्या बाजूला 'रफ वर्क'चा वेगळा कप्पा. उत्तराखाली दोन रेघा. प्रोफेसरांना वाटलं ही बाई चित्रं काढत बसलीय. त्यांनी जवळ येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? नंदाताई म्हणाल्या, समास नसला तर पेपर सुरू कुठून होतो ते कळणार कसं? या समासापायी शेवटचं गणित राहिलं. घरी येऊन मला तावातावानं सांगत होत्या. मी म्हटलं, "अहो, मग पुढच्या वेळी आखू नका." माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कपाळाला कुंकू न लावता लग्नाला जा म्हणाले होते. पुढच्या परीक्षेला समास आखलाच, फक्त हात जरा भरभर चालवला.

वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. त्यांच्यात एक गुजराती मुलगा होता, त्याचे शेजारी मराठी, म्हणून तो त्यांना काकू म्हणायचा. बाकीच्यांना वाटलं हे त्यांचं नावच आहे. त्यामुळे ब्रँडन, केली, मारिया, सगळे 'काकू, काकू' करत त्यांच्या मागे. डब्यात आठ-दहा थालीपिठं न्यायच्या आणि 'मी घरी दोन खाऊन आलो' म्हणत सगळी त्यांना वाटायच्या. सई फोनवर म्हणायची, "आई, यू आर नॉट देअर मॉम." त्या म्हणायच्या, "मग काय उपाशी बसवू त्यांना? गणित कसं सुटणार?"

आणि काहीही अडलं की यांचं एकच: आधी आकृती काढ. एकदा माझ्या घरी महाभारत चाललं होतं. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार होते, त्याच वेळी माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज, आणि नवरा म्हणत होता 'तू ठरवशील तसं', म्हणजे काहीच म्हणत नव्हता. मी नंदाताईंकडे जाऊन रडले. त्यांनी पाणी दिलं, मग अंबाड्यातली पेन्सिल काढली, कागद घेतला आणि मध्ये एक चौकोन काढला. "ही तू. आता फोर्स कुठून कुठून येतोय ते सांग." मी सांगत गेले, त्या बाण काढत गेल्या. सासूचा बाण, आईचा बाण, मॅनेजरचा बाण. सगळे एकाच बाजूनं. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. "मग सरकणारच की तू," त्या म्हणाल्या, "इकडून आधार कुणाचा? तुझ्या नवऱ्याचा बाण कुठाय?" मी तो कागद तसाच घरी नेऊन नवऱ्यापुढे ठेवला. तो आयआयटीचा असल्यामुळे त्याला आकृती लगेच कळली. आईकडे मी गेले, आणि सासू-सासऱ्यांसाठी त्यानं सुट्टी काढली.

दोन वर्षं अशी गेली आणि एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं. सिव्हिल इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष. अट एकच: चालू असलेल्या फिजिक्सच्या दुसऱ्या कोर्सला निदान बी ग्रेड पाहिजे. नंदाताईंची तिथं ए चालली होती. घोडं गंगेत न्हालं म्हणायचं. त्या दिवशी त्यांनी खवा आटवून पेढे केले आणि आमच्या सगळ्या ओळीत वाटले. कोरियन आजींना, कोपऱ्यावरच्या फायरमनला, पोस्टमनला. त्या हळदीकुंकवाच्या यजमानीणबाईंना तर स्वतः जाऊन देऊन आल्या आणि सांगून आल्या की फ्रिस्कोच्या भावजयीला पण कळवा. प्रकाशराव त्या संध्याकाळी आमच्या दारात उभे राहून आपणहून चार वाक्यं बोलले. चारही वाक्यांत 'इंजिनिअरिंग' होतं.

आता पुढचं समजायला आपल्याकडचं जर्नल माहीत पाहिजे. ज्यांनी महाराष्ट्रात सायन्स नाहीतर इंजिनिअरिंग केलंय त्यांना सांगायला नको. प्रॅक्टिकलचं जर्नल एक-दोन मुली लिहितात आणि अख्खी बॅच त्यांचं उतरवून काढते. सरांना माहीत असतं, लॅब असिस्टंटला माहीत असतं. जर्नल मागितल्यावर जी देत नाही ती खडूस, आणि तिचं नाव वर्गात कायमचं खराब होतं. नंदाताईंच्या पॉलिटेक्निकात मुली थोड्या, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे तीन वर्षं पोरांनी यांच्याच जर्नलवर काढली होती. त्याचा त्यांना अभिमान होता.

तर त्या मे महिन्यात ब्रँडननं त्यांच्याकडे फिजिक्सचा लॅब रिपोर्ट मागितला. पोरगा पिझ्झाच्या दुकानात काम करून शिकत होता, झोप पुरी होत नव्हती. नंदाताईंनी एका शब्दानं न विचारता अख्खी फाइल पाठवून दिली. त्यानं ती जशीच्या तशी जमा केली, नाव तेवढं बदललं. आणि नंदाताईंचा रिपोर्ट म्हणजे इचलकरंजीचं जर्नलच. एम म्हणजे उद्देश, अ‍ॅपरेटस, थिअरी, प्रोसीजर, ऑब्झर्व्हेशन्स, रिझल्ट, आणि शेवटी प्रिकॉशन्स: सर्व कनेक्शन्स नीट व घट्ट असावीत, रीडिंग घेताना काट्याकडे तिरकं बघून होणारी पॅरॅलॅक्स एरर टाळावी. अमेरिकेत जन्मलेल्या कुठल्या पोरानं आजवर लॅब रिपोर्टात खबरदारीच्या सूचना लिहिल्यात? प्रोफेसर मर्फींनी ब्रँडनचं शेवटचं पान बघितलं आणि त्यांना बाकीचं बघायची गरज पडली नाही.

दोघांनाही बोलावणं आलं. नंदाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी मोठी मीटिंग भरली. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, मला पळवाटा लगेच दिसतात. मी सांगितलं, "ताई, सरळ म्हणा, फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये होती, त्यानं न विचारता घेतली. तुमची युनिव्हर्सिटी वाचेल." माझ्या नवऱ्यानंही मान डोलावली. ब्रँडननं स्वतः तसा मेसेज केला होता म्हणे, काकू, मी चोरला म्हणून सांगतो. नंदाताईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "मागितलं म्हणून दिलं की मी. त्याला चोर कसा करू?"

मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले, कारण त्या दिवशी त्यांना गाडी चालवायला देणं म्हणजे सगळ्या गावाला धोका होता. मी बाहेर बाकावर. आत मर्फी आणि डीनच्या ऑफिसातली एक बाई. आत काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "मी दिला. माझ्या कॉलेजात जो देत नाही तो वाईट. इथं जो देतो तो वाईट. हे पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, मी सहीपण केली होती, पण वाचलं नव्हतं. म्हणजे चूक माझीच." मर्फींनी विचारलं, तुमच्याकडे प्रिकॉशन्स कशाला लिहितात? त्यावर यांनी त्यांना पॅरॅलॅक्स एररचं महत्त्व समजावून सांगितलं. मर्फी हसले म्हणे. पण नियम तो नियम. रिपोर्टाला शून्य आणि कोर्सची ग्रेड एक अक्षर खाली, दोघांचीही. आधीच शेवटचा पेपर थोडा हुकला होता, त्यात हे. ग्रेड आली सी प्लस. युनिव्हर्सिटीनं अट दाखवली आणि प्रवेश मागे घेतला.

मी त्यांना रडताना एकदाच पाहिलं, ते त्या ई-मेलच्या दिवशी. आम्ही इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये होतो. कोथिंबिरीची पिशवी मांडीवर घेऊन त्या रडत होत्या, आणि मी एसी कमी-जास्त करत बसले. शेवटी म्हणाल्या, "मेधा, त्या वेळी बाबांनी नाही म्हटलं होतं. तीस वर्षं त्यांच्यावर रागवायला तरी आलं. आता कुणावर रागवू सांग?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अजूनही लिहिताना येतंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या हातानं काही वाईट केलं नव्हतं आणि याचंच मला फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाबरत घाबरत बेल वाजवली. तर बाई फोन घेऊन बसलेल्या. ज्यांना ज्यांना पेढे दिले होते त्या सगळ्यांना एकेक करून फोन चालले होते. "हॅलो, नंदा बोलतोय. अ‍ॅडमिशन गेली बरं का. चूक माझीच झाली. पेढे खाल्ले ते खाल्ले, परत मागत नाही." त्या यजमानीणबाईंनाही केला. तिकडून बाई काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागल्या, तर यांनी मध्येच विचारलं, "तुमच्या उकडीच्या मोदकांना तांदूळ कुठला वापरता हो?" फोन संपल्यावर मला म्हणाल्या, "लोकांनी चोरून बोलण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. आता बस, चहा टाकतो."

सप्टेंबरमध्ये त्या पुन्हा त्याच फिजिक्सच्या वर्गात जाऊन बसल्या. पुन्हा मर्फीच. बाजूच्या बाकावर ब्रँडन. शनिवारी तो यांच्याकडे यायचा, डायनिंग टेबलावर दोघं समोरासमोर बसून लिहायचे. एकदा त्यानं सवयीनं मान लांबवून यांच्या पानाकडे बघितलं, तर यांनी पानावर लाटणं आडवं ठेवलं. "विचार, सांगतो. पण बघायचं नाही." पोरगा म्हणाला, "ओके, काकू." त्या वर्षी दोघांनाही ए मिळाली. मात्र प्रिकॉशन्स लिहायच्या नंदाताईंनी सोडल्या नाहीत. मर्फींनी एका रिपोर्टावर शेरा दिला होता, कनेक्शन्स घट्ट असल्याचं वाचून बरं वाटलं.

पुढच्या एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीचं पुन्हा 'या' आलं. या वेळी अटच नव्हती. पेढे मात्र यांनी केले नाहीत. दुधानं तोंड पोळलं होतं. मग मीच केले. मिल्क पावडर आणि मायक्रोवेव्ह, आणखी काय. ते इतके कडक झाले की प्रकाशरावांनी एक खिशात घातला आणि म्हणाले, नंतर खातो. नंदाताईंनी मात्र माझ्यासमोर दोन खाल्ले.

ट्रान्सफर विद्यार्थ्यांच्या ओरिएंटेशनला सई त्यांना सोडायला गेली, तो किस्सा तिनंच मला फोनवर सांगितला. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं हसून विद्यार्थ्याचा बिल्ला सईच्या गळ्यात घातला आणि पालकांचा नंदाताईंच्या. नंदाताईंनी दोन्ही बिल्ले काढले, अदलाबदल केली आणि म्हणाल्या, "धिस वे." आणि तरातरा विद्यार्थ्यांच्या हॉलमध्ये गेल्या. सईला काय करावं कळेना, म्हणून ती पालकांच्या खोलीत जाऊन बसली. तिथं एका समुपदेशक बाईंनी तासभर समजावलं की मुलं आता मोठी झालीत, त्यांना रोज फोन करू नका, त्यांच्या चुका त्यांना करू द्या. सई हसत हसत सांगत होती, "मेधा मावशी, दे टोल्ड मी टु लेट हर गो. आय ऑल्मोस्ट क्राइड, यार." मग मराठीत म्हणाली, "आई खूप हॅपी दिसत होती."

त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याची फ्रिस्कोला बदली ठरली. ऑक्टोबरमध्ये घर आवरलं. निघायच्या आदल्या दिवशी नंदाताईंना भेटायचं होतं, तर त्यांचा मेसेज: दिवसभर क्लास आहेत, तूच युनिव्हर्सिटीत ये, दुपारच्या क्लासआधी दहा मिनिटं मिळतील. मी मनात म्हटलं, बघा, एवढी वर्षं शेजारी राहिले आणि निरोपाला दहा मिनिटं. गेले झालं. रस्ता चुकले, पार्किंग मिळालं नाही, आणि पोचले तोवर क्लास सुरू झाला होता.

वर्गाच्या दाराला उभी काच होती. मी तिच्यातून आत बघितलं. पाऊणएकशे पोरं, टोप्या, हेडफोन, कुणाच्या बाकावर कॉफी. नंदाताई तिसऱ्या रांगेत होत्या. फळ्यावर पुलासारखी एक आकृती होती आणि एक तरुण प्रोफेसर तिच्यातल्या एका सळईवर बोट ठेवून काहीतरी विचारत होता. कुणाचा हात वर नाही. नंदाताईंनी हात वर केला आणि उभ्या राहिल्या. तिथं उत्तर द्यायला कुणी उभं राहत नाही, पण त्या राहिल्या. काचेपलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांचं बोलणं झालं आणि प्रोफेसरनं हसत मान हलवली. नाही, चुकलं. मागची दोन-तीन पोरं हसली.

नंदाताई खाली बसल्या. वहीत काहीतरी खोडलं, क्षणभर फळ्याकडे टक लावून बघितलं, आणि पुन्हा हात वर केला.